चिपाडातलं झायलन: जेल लावावं की मशीनवर द्यावं?

वाशीतल्या रसवंतीवाल्याकडून पिशवीभर चिपाडं फुकट मिळतात. ती वाळवून, दळून, अल्कोहोलने धुवेपर्यंत एमएस्सीचं प्रोजेक्ट सुरळीत चालतं. मग घोडं पेंड खातं: पेशीभित्तिकेतलं झायलन, म्हणजे झायलोज साखरेची लांब साखळी, जेलवर बघायचं, की नमुने बाहेर देऊन मशीनवर आयन क्रोमॅटोग्राफी (साखरा भारानुसार वेगळ्या करून मोजणं) करून घ्यायची?

माझं मत आधी जेल. विजेच्या जोरावर साखरेचे तुकडे जेलमधून पळवायच्या या पद्धतीला ‘पेस’ म्हणतात. 2002 मध्ये ती केंब्रिजच्या संशोधकांनी मांडली. झायलोजसारख्या साखरेला ना रंग ना विद्युतभार, ती जेलमधून पळणार कशी? म्हणून झायलनेज एन्झाइमने साखळी तोडायची आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला अँट्स नावाचा रंग जोडायचा. तो अतिनील प्रकाशात चमकतो आणि सोबत तीन ऋणभार आणतो. भार सारखा, त्यामुळे छोटे तुकडे पुढे, लांब मागे. शेजारच्या लेनमध्ये (जेलवरच्या रांगेत) झायलोज, झायलोबायोज, झायलोट्रायोज अशी एक, दोन, तीन कड्यांची शिडी लावली की वाचता येतं. मात्र ग्लुकुरॉनिक आम्लाची फांदी असलेला तुकडा जादा भारामुळे शिडीला चकवतो.

नुसतं एन्झाइम घातलेली एक लेन ठेवाच. माझ्या पहिल्या जेलवर झकास पट्टे दिसले, मी खूश. तेच पट्टे त्या लेनमध्येही होते! एन्झाइमच्या बाटलीतलीच साखर. शक्य असेल तर जीएच10 आणि जीएच11 या दोन्ही एन्झाइम-कुळांतली झायलनेज वापरा. जीएच11 ला फांद्या नसलेला मोकळा भाग लागतो, जीएच10 फांदीच्या जवळ कापतं. दोन्हींचे पट्टे शेजारी ठेवले की फांद्या कशा बसल्यात याचा अंदाज येतो.

क्रोमॅटोग्राफीत रंगाची भानगड नाही. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, पीएच 12 च्या वर, साखर स्वतःच ऋणभारित होते आणि सोन्याचा इलेक्ट्रोड तिला टिपतो. आम्लाने साखळी पूर्ण फोडून झायलोज किती, अरॅबिनोज किती हे टक्क्यांत सांगायचं असेल तर हेच हवं. पण नमुने एकामागून एक जातात, आणि स्टँडर्ड (तुलनेसाठी ओळखीची साखर) नसलेलं आलेखावरचं शिखर बिननावाचंच राहतं.

म्हणजे चिपाड, भाताचा पेंढा, बांबू अशी तुलना असेल तर जेल. गाइडला आकडे हवे असतील तर मशीन. एक अट: रंग जोडताना सायनोबोरोहायड्राइड लागतं आणि आम्लाशी गाठ पडली की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सुटू शकतो. कॉलेजच्या फ्यूम हूडचा (वायू ओढून घेणाऱ्या कपाटाचा) पंखा नुसता खडखडत असेल, तर नमुने मुकाट्याने बाहेर पाठवा.