टॉर्टियासाठी तरी जाच इथे

मेक्सिकन जॉइंट आहे छोटासा, मोजकीच टेबलं, सजावट फार नाही, पण किचन उघडं असल्यामुळे काय चाललंय ते सगळं बसल्या जागी दिसतं, आणि मला तेच जास्त आवडलं.

मेन गोष्ट म्हणजे मक्याची टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पातळ भाकरी. पॅकेटमधली नाही, ऑर्डर दिल्यावर गोळा दाबून तव्यावर टाकतात, टम्म फुगते आणि तशीच गरम ताटात येते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच ठेवतात, मग धुवून दळतात, त्यामुळेच पीठ नीट धरून राहतं आणि तो खास वास येतो. एवढी मेहनत शेजारपाजारच्या साध्या जागी कोण घेतं हो, खरंच कौतुक आहे यांचं.

टाकोज अल पास्तोर घ्याच (टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया). सुक्या लाल मिरच्या आणि आचिओते (लाल रंगाच्या बियांचा मसाला) लावलेलं पोर्क, उभ्या सळईवर फिरत भाजलेलं (ही पद्धत लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्या लोकांची), कडा कुरकुरीत, वर अननसाची फोड, कांदा, कोथिंबीर, लिंबू पिळा आणि लगेच खा, फोटो नंतर. हिरवा साल्सा, म्हणजे चटणी, टोमॅटियोचा (हिरव्या टोमॅटोसारखं फळ), मस्त आंबट. लाल साल्सात चिपोत्ले आहे, म्हणजे पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर सुकवलेली, तिखट कमी आणि धुरकट चव जास्त, मी वाटी परत मागवली.

व्हेज खाणाऱ्यांनी निवडुंगाच्या पानांचा टाको मागवा, नोपालेस म्हणतात, किंचित बुळबुळीत पण छान आंबटसर. बीन्स मात्र विचारून घ्या कारण पारंपरिक पद्धतीत त्या डुकराच्या चरबीत परततात. इथे तेलात करतात, वेटरने न विचारताच सांगितलं.

नाचोज नाही आवडले. १९४३ मध्ये मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास गावी तिथल्या रेस्टॉरंटमधल्या इग्नासिओ आनायाने पहिल्यांदा केले तेव्हा टॉर्टियाचे तळलेले तुकडे, चीज आणि हालापेन्यो एवढंच होतं, इथे वरून पातळ चीज सॉस ओततात आणि खालचे चिप्स टेबलावर येईपर्यंत मऊ पडलेले. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचा दाट सॉस, तोसुद्धा गोडाकडे झुकलेला, चॉकलेट मिरचीच्या मागे राहायला हवं, इथे तेच पुढे येतं. हे दोन्ही सुधारावं असं मनापासून वाटतं कारण बाकी हात फार चांगला आहे.

गर्दीच्या वेळी सर्व्हिस हळू आहे आणि सगळं एकदम आणून ठेवतात, त्यामुळे टाको थोडे थोडे मागवा म्हणजे प्रत्येक गरम मिळेल. गोडात त्रेस लेचेस घ्या, तीन प्रकारच्या दुधात मुरलेला केक, छान गार आणि ओलसर, एकच दोघांना पुरतो. पार्सल मात्र नका नेऊ, डब्यात वाफ धरते आणि टॉर्टिया चिकट होते, एवढ्या चांगल्या टॉर्टियाचे तसे हाल बघवत नाहीत, बसूनच खा.