पाच मीटरचा टेप आणि ब्रासचा हिशेब: आठ महिन्यांचा अनुभव

कराडजवळ घराचं काम काढलं तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून पाच मीटरचा स्टीलचा टेप घेतला. तेव्हापासून वाळू, खडी, मुरूम, जे दारात आलं ते गाडीतच मोजलं. उतरल्यावर ढिगाचं माप घेणं फार अवघड जातं.

पहिली ट्रॉली मात्र तशीच उतरवून घेतली होती. दुसरी आली तेव्हा वर चढून पाहिलं. आतून लांबी दहा फूट, रुंदी सहा, फाळक्याची उंची दीड. म्हणजे फाळक्याला सपाट भरली तरी ९० घनफूट, आणि ब्रास, म्हणजे वाळू-खडी ज्या मापाने विकतात तो, १०० घनफुटांचा. मधे ढीग, कोपरे रिकामे. फावड्याने सपाट करून घेतलं, पाच जागी सळई टोचून खोली मोजली. सरासरी सोळा इंच, म्हणजे ८० घनफूट. चालक म्हणाला, "ताई, सगळीकडं हीच ट्रॉली ब्रास म्हणून जाते." पुरवठादाराला फोन करून ८०चेच पैसे दिले. पुढची गाडी शिगोशीग भरून आली.

इंच दशांशात लिहू नका. दीड फूट म्हणजे १.५, एक फूट सहा इंच आहे म्हणून १.६ लिहिलं, तर याच ट्रॉलीत सहा घनफूट फुकट वाढतात.

टेपला न कळणारी गोष्ट म्हणजे ओल. दमट वाळू फुगते. सरळ उभ्या डब्यात दमट क्रशसँड (दगड फोडून केलेली वाळू) दहा इंच भरली, मग ती काढून डब्यात अर्धं पाणी घेतलं आणि तीच वाळू परत सोडून ढवळली. बसली आठ इंचांवर! मापाने घेताना हे नुकसान आपलं. काट्यावर वजनाने घेतली तर पाण्याचे पैसे जातात. मी आता भाव ठरवण्याआधी ही डब्याची परीक्षा करते. खडीला हा त्रास जवळपास नाही.

मुरमात मात्र माझा अंदाज साफ चुकला. अंगण ३० बाय २०, भरती नऊ इंच, म्हणून ४५० घनफूट, साडेचार ब्रास मागवला. पाणी मारून रोलर फिरवल्यावर जेमतेम सात इंच उरले. दाबून नऊ इंच हवे असतील तर सव्वापटीहून थोडं जास्त धरा, म्हणजे पावणेसहा ब्रासच्या थोडं वर. कमी पडलेल्या मुरमासाठी वेगळी गाडी बोलवावी लागली, आणि तिचं भाडं मुरमाइतकंच जड गेलं.

टेपचं म्हणाल, तर पहिल्या फुटाचे आकडे पुसत आलेत, आणि कच आत गेली की पट्टी अडकते. रोज कोरड्या फडक्याने पुसून आत सोडते. तीन मीटरचा स्वस्त मिळतो, पण घेऊ नका. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला तो पोचतच नाही.