सिम्युलेशन की दोरा आणि नट?

विज्ञानाच्या तासाला मुलांना गुंतवायचं कशात, सिम्युलेशनमध्ये (म्हणजे स्क्रीनवरच्या आभासी प्रयोगात) की हातांनी करायच्या प्रयोगात, हा प्रश्न घेऊन बसला असाल तर दोन्ही बाजू वापरून पाहिलेल्या माणसाचं हे मत. प्रमाण मानायलाच हवं असं नाही.

सिम्युलेशनला मी नावं ठेवणार नाही. २००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेलं ‘फेट’ हे सिम्युलेशनचं भांडार मोफत आहे आणि उत्तम आहे. तापलेल्या वायूचे रेणू भिंतींवर आदळताना दाखवायचे तर दुसरा उपायही नाही. अणू, ग्रहांच्या कक्षा, तारेतले इलेक्ट्रॉन, जे डोळ्यांना दिसतच नाही ते सगळं स्क्रीनवरच करा.

पण दोलक घ्या. स्क्रीनवर मुलं स्लायडर सरकवतात, लांबी वाढली की हेलकाव्याचा वेळ वाढतो हे पाहतात, लिहून घेतात, संपलं. सगळ्यांचं उत्तर एकच. मला खटकतं ते नेमकं हेच: वर्गात भांडण होत नाही.

तोच दोलक दोऱ्याला लोखंडी नट बांधून करू द्या. २५ सेंटिमीटर दोऱ्याला दहा हेलकाव्यांना (जाऊन परत येणं म्हणजे एक) साधारण दहा सेकंद लागतात. मग वजन वाढवायला सांगा. एक गट सगळे नट एकाच गाठीत अडकवतो, दुसरा एकाखाली एक लोंबकळवतो. पहिल्याचा वेळ जवळपास तोच राहतो, दुसऱ्याचा वाढतो. दुसरा गट शपथेवर सांगतो की वजनानेच दोलक मंदावला. आता आपण गप्प बसायचं! कुणीतरी पट्टी आणतं आणि लक्षात येतं की माळेमुळे वजनाचा मध्य खाली गेलाय, म्हणजे लांबीच वाढलीय. ही माळ करायची मुभा मी पाहिलेल्या एकाही सिम्युलेशनमध्ये नव्हती.

गोंधळ होतो, हे खरं. गाठी सुटतात, कुणी दोरा ६० अंशांपर्यंत ओढून सोडतं आणि वेळ सुमारे ७ टक्के वाढतो; मग त्यावर वेगळी चर्चा. तासिका पुरत नाही. वर्ग मोठा आणि अभ्यासक्रम मागे पडलेला असेल तर स्क्रीन निवडणाऱ्याला मी दोष देणार नाही.

दोन तासिका मिळत असतील तर मात्र पहिली दोऱ्याला द्या. आधी स्क्रीन दाखवली की मुलं उत्तर ठरवूनच मोजायला बसतात आणि वहीत आकडे जुळवून लिहितात.