भिगवण की नांदूर मध्यमेश्वर? कॅमेरा घेऊन निघालेल्यांसाठी

थंडी पडू लागली की पुण्या-मुंबईच्या मित्रांचे फोन सुरू होतात. लेन्स चारशे किंवा सहाशे मिलिमीटरची असते, हाताशी एखादाच शनिवार-रविवार असतो आणि प्रश्न ठरलेला असतो, की पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला जाऊ की नाशिककडच्या नांदूरला. दोन्ही पाणथळींवर मी बरेच हिवाळे फिरलोय. दोन्ही जागा सुंदर आहेत, आणि कुठेही गेलात तरी रिकाम्या हाताने परत येणार नाही.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला भिगवण सोपं पडतं, हे मान्य करायलाच हवं. उजनीच्या फुगवट्यात कुंभारगावच्या बाजूने नावेत बसलं की पक्षी जवळ येतात आणि कॅमेरा पाण्याच्या जवळपास पातळीवर राहतो. चित्रबलाक करकोचे, चपट्या चोचीचे चमचे पक्षी, शेवाळी रंगाच्या पाण्यात उभे रोहित (फ्लेमिंगो), वर घिरट्या घालणारी मोरघार, सगळं एका सकाळीत होतं. इंजिन चालू असताना नाव थरथरते, तेव्हा ट्रायपॉड घरीच ठेवा, कॅमेऱ्याखाली ठेवायची बीनबॅग पुरते. परत आल्यावर गावात चिलापीचं गरम कालवण आणि भाकरी मिळते, तेही नांदूरला नाही.

तरीही मी हल्ली भिगवणला कमी जातो, त्याचं कारण एकच. रोहितांना उडवणं.

थवा चरत असतो तेव्हा सगळ्यांची डोकी पाण्यात उलटी असतात. चोचीतून चिखलपाणी गाळत ते संथ पुढे सरकतात. नाव जवळ आली की आधी एकदोन माना वर येतात, मग एकदम सगळ्या. चरणं थांबतं आणि थवा पाठ फिरवून चालू लागतो. खरं तर इथेच थांबायला हवं. पण शेजारच्या नावेतून हमखास कोणीतरी ओरडतं, "दादा, अजून थोडं पुढे घ्या, उडू देत!" टाळ्या वाजवणारेही पाहिलेत. नाववाल्याला दोष देववत नाही. ज्याचे पैसे घेतले त्याचं ऐकणं त्याला भाग असतं. मागणी आपली, कॅमेरेवाल्यांची आहे. एवढ्या मोठ्या पक्ष्याला उडायला पाण्यावरून बरंच धावावं लागतं, आणि ही धावपळ एका सकाळी पाठोपाठच्या नावांसाठी पुन्हा पुन्हा होते. पट्टकादंब या रानहंसांचंही तेच. हिवाळा सरता सरता त्यांना पोटभर चरून चरबी साठवायची असते, कारण पुढे हिमालय ओलांडून लडाख-तिबेटकडे जायचं असतं. त्या दिवसांत त्यांना उगाच उठवणं मला तरी सहन होत नाही. आणि इतकं करून फोटो काय मिळतो? घाबरलेला पक्षी आपल्यापासून लांब उडतो, त्यामुळे चित्रात बहुतेक पाठी आणि शेपट्याच येतात.

नांदूरला ही कटकट मला भेटलेली नाही. गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून ही पाणथळ तयार झाली. १९८६ पासून ती अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. तिथे बघायचं ते काठावरून आणि मनोऱ्यावरून.

अडचणी आहेत, लपवत नाही. पक्षी लांब असतात. चारशेची लेन्स चापडगावच्या मनोऱ्यावर अपुरी वाटेल. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो, आणि अशा सकाळी धुकं उठेपर्यंत समोर पांढरा पडदा असतो. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग कितीही महाग लेन्स असली तरी लांबचं बदक धूसरच येतं. म्हणजे हातात दोन-अडीच तासच उरतात. मनोऱ्यावरून पक्ष्यांच्या पाठी दिसतात हाही एक तोटा.

त्यावर माझा उपाय म्हणजे खाली उतरून बांधाशी, झुडपाच्या आडोशाला गप्प बसायचं. पहिला अर्धा तास काही घडत नाही. मग पाणवेलीतून जांभळी पाणकोंबडी बाहेर येते, लव्हाळ्याचा दांडा उपटते, लांब बोटांच्या पंजात धरून सोलते आणि आतला मऊ गाभा खाते. तिला तुमची पर्वा नसते. थापटे, तलवार बदकं हळूहळू काठाकडे सरकतात. माझे आवडते फोटो असेच मिळालेत, पक्षी आपलं काम करत असताना. कदाचित हा माझ्या स्वभावाचाही भाग असेल. ज्यांना बसून राहणं जमत नाही, त्यांना नांदूर कंटाळवाणं वाटू शकेल.

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे सांगतो. मार्च उजाडला की नांदूरची बदकं परतीला लागतात. उजनीचं पाणी तेव्हा उतरत असतं, चिखलाचे पट्टे आणि बेटं उघडी पडतात, गॉडविट या चिखलात चरणाऱ्या पक्ष्याच्या छातीवर विणीची तांबूस झाक चढू लागते आणि नदीसुरय पक्षी उघड्या बेटांवर घरटी मांडतात. वसंतातच जाणार असाल तर भिगवण घ्या. फक्त नावेत बसण्याआधीच ठरवा की इंजिन लांबूनच बंद करायचं, पुढे बांबूने जायचं, बेटावर उतरायचं नाही आणि कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकायची नाही. हे आधी सांगितलं तर नाववाले आनंदाने ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी असेल तर मी नांदूरच म्हणेन, पुण्याहून दुप्पट अंतर पडलं तरी. शक्यतो आडवारी जा, आदल्या रात्री निफाड परिसरात मुक्काम करा आणि उजाडायच्या आत काठावर असा. तिथल्या स्थानिक गाईडला सोबत घ्या. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीचं पाणी, सुटलं की पाणी हलतं आणि पक्षी जागा बदलतात; क्रौंच कोणत्या शेतात उतरलेत हेही त्यांनाच ठाऊक असतं.