टोकियोला जाताय? शिंजुकूत 'आमचंच दुसरं दुकान आहे' म्हणणाऱ्या पोरांपासून सांभाळा

येन स्वस्त झाल्यापासून आपल्याकडून जपानला जाणाऱ्यांची रांग लागलीय, आमच्या सोसायटीतूनच या वर्षी किती जण जाऊन आले, आणि प्रत्येक जण परत आल्यावर एकच टेप लावतो की तिथे कोणी फसवत नाही हो, पाकीट बाकावर विसरलं तरी परत मिळतं. खरं आहे ते, नाही म्हणत नाही. मित्राचा फोन लोकलमध्ये राहिला होता तो दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनच्या हरवलं-सापडलं खिडकीवर नीट पिशवीत घालून मिळाला. पण त्याच टोकियोत आम्हाला एका फसव्या जेवणाचं बिल जवळपास अठरा हजार रुपये लागलं, आणि हे कसं होतं ते कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितोय. मी, बायको, मित्र आणि वहिनी असे चौघं होतो.

आधी छोटा किस्सा, कारण दोन्हीत एक धागा आहे. आसाकुसाला सेन्सोजीचं देऊळ आहे, तो मोठा लाल कंदील लटकतो ना दरवाजात, ते. देवळात शंभर येनचं नाणं पेटीत टाकायचं, डबा हलवून काडी काढायची आणि काडीवरच्या नंबरच्या खणातून आपला भविष्याचा कागद आपणच घ्यायचा. बघायला कोणी नाही, शंभर टाकले का दहा टाकले कोण विचारणार, पण सगळे बरोबर टाकतात. हे बघून आम्ही भारावून बाहेर आलो तर गल्लीच्या तोंडाशी पिवळसर झगा घातलेला एक गोटा केलेला बुवा समोर आला, काही न बोलता बायकोच्या हातात सोनेरी कार्ड ठेवलं, मनगटात मण्यांची माळ घातली, दोनदा वाकून नमस्कार केला. आणि मग काखेतून वही काढली. वहीत नावं, देश, आणि पुढे आकडे. ५,०००, १०,०००. हजार येन दिले तर चेहरा पडला आणि बोटाने वरचा आकडा दाखवायला लागला, शेवटी मित्राने माळ काढून परत त्याच्या हातात कोंबली तेव्हा गेला, हजार घेऊनच. नंतर कळलं की हे भोंदू बाबा उएनो, आसाकुसा, आकिहाबारा असे टुरिस्टांच्या जागी फिरतात. जपानी भिक्षू भिक्षेला उभे राहतात पण ते गवताची मोठी टोपी घालून, वाडगा धरून, घंटा वाजवत सहसा एका जागी उभे असतात, कोणाच्या अंगावर येत नाहीत.

त्याच दुपारी उएनोच्या आमेयोकोत गेलो. रेल्वे पुलाला लागून असलेला बाजार, मासे, बूट, सुका मेवा, सौंदर्यप्रसाधनं सगळं एकत्र, आरडाओरडा, दादरच्या फुटपाथची आठवण यावी असा. तिथे एका चॉकलेटवाल्याकडे माणूस ओरडत ओरडत पिशवीत पाकिटं कोंबत असतो, हे पण घ्या, अजून एक, अजून एक, आणि सगळं मिळून हजार येन. मी बायकोला म्हटलं हा शंभर टक्के एक्सपायरीचा माल. हॉटेलवर येऊन एकेक पाकीट उलटं करून तारखा बघितल्या, सगळ्या पुढच्या महिन्यांच्या, माल चांगला. मला जो चोर वाटला तो सरळ निघाला. आणि रात्री जो साव वाटला त्याची गोष्ट आता.

गुरुवार होता. संध्याकाळी शिंजुकूत टोकियो सरकारच्या इमारतीवर गेलो होतो, ४५व्या मजल्यावरून शहर बघायला मिळतं, २०२ मीटर उंचीवरून आणि फुकट, अजिबात चुकवू नका. मग चालत स्टेशनच्या पूर्वेला आलो, ते मोठ्या स्क्रीनवरचं थ्रीडी मांजर बघितलं, काबुकिचो या शिंजुकूतल्या बार-हॉटेलांच्या भागात शिरून बिल्डिंगवर बसवलेलं गॉडझिलाचं डोकं बघितलं, फोटो झाले आणि भूक लागली. वहिनी पूर्ण शाकाहारी. ज्यांनी जपानमध्ये शाकाहारी माणूस सोबत घेऊन जेवण शोधलंय त्यांनाच हे दुःख कळेल, कारण साध्या सूपमध्ये पण सुकवलेल्या माशाचा अर्क असतो आणि वेटर बिचारा प्रामाणिकपणे नाही म्हणतो. म्हणून आधीच एका मोठ्या चेनची इझाकाया (दारू आणि जेवण दोन्ही मिळणारं जपानी हॉटेल) बघून ठेवली होती, फोटोवाला मेनू, टॅबलेटवर ऑर्डर, दोनतीन गोष्टी वहिनींना चालण्यासारख्या. ती एका बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावर.

बिल्डिंगखाली पोहोचलो तर लिफ्टसमोरच एक तरुण पोरगा उभा. काळं जॅकेट, कानात इअरफोन, हातात त्याच चेनच्या मेनूसारखं दिसणारं लॅमिनेटेड कार्ड. वाकून नमस्कार, इंग्लिश बऱ्यापैकी. वर जाताय का, किती जण, थांबा हं विचारतो, असं म्हणून इअरफोनवर काहीतरी बोलला आणि तोंड पाडून म्हणाला की वर फुल आहे, दोन तास वेटिंग. मग हळूच, आमचंच दुसरं दुकान आहे, दोन मिनिटांवर, सेम मेनू, दोन तास अनलिमिटेड ड्रिंक्स १,५०० येन, टेबल चार्ज नाही. वहिनींनी विचारलं व्हेज? तर म्हणाला व्हेजिटेरियन ओके, व्हेरी ओके. झालं! टोकियोत तोपर्यंत असं कोणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो पोरगा त्या क्षणी देवदूतच वाटला.

मागे एका आडव्या गल्लीत नेलं, अरुंद लिफ्टने पाचव्या मजल्यावर. आत पार्टिशन टाकून केलेले खोके, बाहेरचं काही दिसत नाही. बसल्याबसल्या न मागवता चार वाट्या आल्या, कोबीचे तुकडे आणि वर कसला तरी सॉस. अनलिमिटेडचं म्हणे सगळ्या टेबलाने घ्यायचं असतं, त्यामुळे दारू न पिणाऱ्या वहिनींना पण १,५०० येन, त्यात त्यांनी दोन ग्लास थंड चहा प्यायला. हायबॉल म्हणजे सोड्याला व्हिस्कीचा नुसता वास दाखवलेला, आणि तो पण मागवल्यावर वीस मिनिटांनी. एदामामे (मिठातल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा) आतून बर्फासारख्या गार. व्हेरी ओके व्हेज म्हणजे फ्रेंच फ्राइज.

दीड तासातच मॅनेजर आला, टाइम अप, आणि बिल ठेवलं. ३१,७४६ येन.

आम्ही आयटमवार मागितलं तेव्हा त्याने कागदावर लिहून दिलं. पदार्थ ७,४८०. ड्रिंक्स ६,०००. इथपर्यंत आमचा हिशोब बरोबर होता, १३,४८०. पुढे वाट्यांचे ९८० प्रमाणे ३,९२०. सीट चार्ज, जो नसणार होता, १,२०० प्रमाणे ४,८००. या सगळ्यावर वीकेंड चार्ज १० टक्के, सर्व्हिस २० टक्के, आणि या सगळ्याच्या डोक्यावर १० टक्के टॅक्स. गुरुवारी वीकेंड चार्ज! विचारलं तर शांतपणे मेनूच्या शेवटच्या पानावर खाली मुंगीएवढ्या अक्षरातली जपानी ओळ दाखवली. फोनने भाषांतर केलं तर खरंच सगळं लिहिलेलं, 'सुट्टीच्या आदल्या दिवशी व विशेष दिवशी' वगैरे. खाली जो पोरगा बोलला होता त्याचं काय? तर तो आमचा नाही, म्हणे. बाहेरचा आहे. आवाज चढवला तर कोणी भांडायला पण येईना, फक्त लिफ्टपाशी दोघं येऊन उभे राहिले, हात पुढे बांधून, एकदम सभ्य. बायका घाबरल्या, मित्राने कार्ड दिलं. तेवढं एक बघितलं की मशीनवर येनच दाबलं, रुपयांचा पर्याय आला तर घेऊ नका, त्यात दर वेगळाच लावतात. आणि पावती, तो हाताने लिहिलेला कागद आणि मेनूच्या शेवटच्या पानाचा फोटो, हे तिन्ही घेऊन बाहेर पडलो.

तिथून सरळ कोबानवर, म्हणजे पोलीस चौकी, काबुकिचोमध्येच आहे. पोलीस खूप शांतपणे ऐकतात, फोनवरून भाषांतर करतात, पण भ्रमात राहू नका, धमकी नाही, मारहाण नाही, मेनूवर छापलेलं आहे, म्हणजे त्यांच्या लेखी हा दुकान आणि गिऱ्हाईक यांच्यातला पैशाचा वाद, त्यात ते निवाडा देत नाहीत. तरी एक जण आमच्यासोबत वर आला. पोलिसाच्या समोर मॅनेजरने कॅलेंडर बघितल्यासारखं केलं आणि वीकेंड चार्ज टॅक्ससकट म्हणजे २,४४२ येन रोख परत दिले, वाकून. बाकीचे गेले ते गेले. पैसे भरायच्या आधीच चौकीत चला म्हटलं असतं तर हातात जास्त जोर राहिला असता, हे तिथल्या पोलिसानेच हातवारे करून सांगितलं. टोकियोतच निशी-कासाईला आमचे ओळखीचे एक मराठी काका बरीच वर्षं राहतात, त्यांना फोन केला तर हसायलाच लागले. म्हणाले काबुकिचोच्या रस्त्यावर लाउडस्पीकरवर दिवसरात्र हेच सांगत असतात की दलालांच्या मागे जाऊ नका, ऐकलं नाही का? ऐकलं होतं की, आम्हाला वाटलं सेलची जाहिरात चाललीय!

काकांनी मग पद्धत सांगितली. हा धंदा जुना आहे, त्याला बोत्ताकुरी म्हणतात, फक्त पूर्वी बारमध्ये एकट्या पुरुषांना धरायचे आणि आता जेवायला आलेल्या टुरिस्टांच्या ग्रुपला पण धरतात. शिंजुकूत रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक ओढायला बंदीच आहे, त्यामुळे असं उभं राहणारा पोरगा कुठल्याही धड चेनचा नसतोच, उलट कित्येक चेननी दारात पाट्या लावल्यात की आमची माणसं रस्त्यावर नसतात. वर जागा आहे का नाही हे त्याला माहीतच नसतं. इअरफोनवर तो त्याच्याच माणसाशी बोलतो. आम्ही दुसऱ्या रात्री त्याच सहाव्या मजल्यावर कोणाशी न बोलता गेलो, पाच मिनिटांत टेबल, चौघांचं ११,००० च्या आत बिल आणि वहिनींना भाजलेला मका आणि लोणी घातलेलं बटाट्याचं काहीतरी छान मिळालं.

आता एक गोष्ट, नाहीतर माझं वाचून तुम्ही प्रत्येक ठिकाणी भांडत बसाल. न मागवता येणारी छोटी वाटी ही तिथली रीतच आहे, ओतोशी म्हणतात, चखणाच समजा, माणशी ३००-५०० येन लावतात आणि ती फसवणूक नाही. रात्री दहानंतर १० टक्के जास्त लावणारी साधी हॉटेलं पण बरीच आहेत. लबाड लोक हीच रीत घेऊन फुगवतात म्हणून पकडता येत नाही. तसंच त्सुकिजी भागातल्या खाण्यापिण्याच्या बाजारात वाग्यूची (महागडं जपानी गोमांस) एक काडी ३,००० येनला बघून मित्र लूट लूट म्हणून ओरडत होता, पण भाव समोर मोठ्या आकड्यात लिहिलाय, नको तर पुढे जा आणि गरम ऑम्लेटची काडी खा, ती दीडदोनशेत मिळते आणि माझ्या मते जास्त चांगली लागते (वहिनींसाठी नाही, अंडं तर आहेच, वर माशाचं पाणी). महाग असणं वेगळं. जिथे भाव लिहिलेला नाही किंवा आकड्याच्या जागी फक्त दोन चित्रलिपीची अक्षरं आहेत तिथे ऑर्डरच्या आधी विचारा, कारण ते 'आजचा बाजारभाव' असू शकतं आणि तो भाव बिलावरच कळतो.

आमच्या अख्ख्या ट्रिपमध्ये जे जे स्वतःहून रस्त्यात आडवे आले ते दोघंच, बुवा आणि तो पोरगा, आणि दोघांनीही खिसा कापला. बाकी टोकियोत कोणी आमच्याकडे बघितलं पण नाही. जाणाऱ्यांनी पोलिसांचा ११० नंबर फोनमध्ये टाकून ठेवा आणि बसायच्या आधी फोनचा कॅमेरा मेनूच्या शेवटच्या पानावर धरा, पहिल्या नाही.

त्या दुकानाचं नाव का लिहीत नाही असं दोघातिघांनी विचारलं. परत आल्यावर मॅपवर रिव्ह्यू टाकायला बसलो होतो, तर त्या पाचव्या मजल्यावर आता वेगळंच नाव आहे, आतले खोके फोटोत तेच आहेत, आणि पाचपैकी ४.९ स्टार.