ब्रेक दाबला की उजवीकडे खेचणारी हॅचबॅक : वर्षभराच्या वापरानंतर

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचते, अशी तक्रार नोंदवली की सर्व्हिस सेंटरमधून येणारे पहिले उत्तर ‘अलाइनमेंट करून घ्या’, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या, हेच असते. माझ्या सेकंड-हँड पेट्रोल हॅचबॅकच्या बाबतीत हे उत्तर मला दोनदा मिळाले आणि दोन्ही वेळा त्याचे पैसे मोजावे लागले. या वर्गातील गाड्यांची नेहमीचीच रचना: पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे), मागे ड्रम ब्रेक (फिरणाऱ्या डब्याला आतून दाब देणारे), आणि जोरात ब्रेक दाबल्यावर चाके पूर्ण अडकू न देणारी एबीएस यंत्रणा. मायलेजबद्दल तक्रार नाही, एसी उत्तम आहे, आणि मागच्या सीटवर तिघे बसणार असतील तर मधल्याने सोशिक असावे. एवढ्यावर बाकी गाडीचा विषय संपवतो, कारण या वर्षात माझा वेळ, पैसा आणि संयम ज्यांनी खाल्ला त्या पुढच्या डाव्या कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, बोटाएवढ्या दोन पिना होत्या.

लक्षण अगदी स्पष्ट होते. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जात असे. ब्रेक दाबताक्षणी स्टिअरिंग उजवीकडे झुके आणि पाय काढला की पुन्हा जागेवर येई. चिपळूणमध्ये बाजारातून फिरताना हे जाणवतही नव्हते. कुंभार्ली घाट उतरताना मात्र उजवीकडे खेचणे म्हणजे समोरून चढणाऱ्या ट्रकच्या अंगावर जाणे, त्यामुळे ‘थोडेफार चालायचेच’ हे सर्व्हिस ॲडव्हायझरचे वाक्य मला मान्य होण्यासारखे नव्हते.

अलाइनमेंटचा दोष असेल तर गाडी ब्रेक न दाबताही वाहवत जाते आणि टायर एका कडेने झिजतो. येथे दोन्ही गोष्टी नव्हत्या. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालत असल्याने गाडीचा किंचित ओढा डावीकडे असणे स्वाभाविकच आहे. माझी गाडी त्या उताराच्या विरुद्ध खेचत होती, म्हणजे रस्त्याला दोष देण्याचीही सोय नव्हती. तरीही चाके यंत्रावर चढली, रंगीत आकड्यांचा कागद हातात आला, सगळे आकडे हिरवे होते आणि गाडी पूर्वीइतकीच उजवीकडे खेचत होती.

यानंतर कमी खर्चाच्या तपासण्या आधी, हा माझा नेहमीचा क्रम मी लावला. टायर थंड असताना दोन्हींतील हवा सारखी केली. मग पुढचे दोन टायर आपापसांत बदलले. टायरचा दोष असता तर खेचण्याची बाजूही बदलली असती, ती बदलली नाही. चाकाला खालून धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातील रबर) पहारीने हलवून पाहिले, कारण ते सैल झाले की ब्रेकच्या जोराने चाक मागे सरकते आणि स्टिअरिंगला झटका बसतो. तेही घट्ट होते. मागच्या ड्रमकडे मी सर्वांत शेवटी पाहिले असते, कारण ब्रेकचा बहुतांश भार पुढची चाके घेतात आणि इतकी ठळक ओढ सहसा पुढूनच येते.

सर्व्हिस सेंटरने तिसऱ्या भेटीत अखेर चाक उघडले, पण ते उजवे. गाडी उजवीकडे खेचते, म्हणून दोष उजवीकडे, असा त्यांचा हिशेब. वास्तविक, गाडी ज्या बाजूचा ब्रेक जास्त जोराने लागतो त्या बाजूला वळते. तेव्हा उजवे चाक आपले काम नीट करत असून डावे अंग चोरत असण्याची शक्यता तितकीच असते. कोणते चाक अडकते आहे आणि कोणते कमी काम करते आहे, हे ठरवण्यासाठी तापमानाइतका स्वस्त साक्षीदार नाही. लांबून तापमान मोजणारे इन्फ्रारेड यंत्र मी घरगुती कामासाठी घेतलेले होते. घाट उतरून गाडी सुरक्षित जागी थांबवली आणि दोन्ही चाकांवर ते रोखले, तर डावी डिस्क उजवीपेक्षा स्पष्टपणे थंड होती. चकाकणाऱ्या धातूवर असे यंत्र खरे तापमान दाखवत नाही, ते कमीच दाखवते. पण दोन्ही बाजूंना एकाच जागी, एकाच अंतरावरून मोजले तर तुलना पुरेशी होते. उजवे चाक अवाजवी तापलेले असते आणि ब्रेक न दाबताही गाडी तिकडे ओढत असती, तर मी कॅलिपरमध्ये अडकलेल्या पिस्टनकडे (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडे) वळलो असतो.

डावा ब्रेक कमजोर, एवढे ठरल्यावर गाडी मी गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी प्रथम दोन्ही बाजूंचे ब्लीडिंग निपल (कॅलिपरमधून ब्रेक ऑइल बाहेर सोडण्याचे स्क्रू) आळीपाळीने सैल करून मला पेडल दाबायला सांगितले. ब्रेक ऑइल दोन्हींकडे सारख्याच जोराने आले, तेव्हा कॅलिपरकडे ऑइल नेणारी रबरी नळी आतून फुगून तुंबल्याची शंका मिटली. मग कॅलिपर उतरवला. आतला पॅड जवळजवळ संपलेला आणि बाहेरचा निम्म्याहून अधिक शिल्लक, हे पाहताच त्यांनी मान डोलावली. या प्रकारच्या कॅलिपरला पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या जोराने कॅलिपरचे अंग पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणते. पिना जाम झाल्या की बाहेरचा पॅड नुसता पाहत बसतो आणि आतला दोघांचे काम करून झिजतो.

वरची पिन हाताने निघाली. खालच्या पिनेच्या टोकाला रबराची बारीक नळी बसवलेली असते, ती इतकी फुगली होती की पिन पान्याने फिरवून काढावी लागली. भोवती तांबूस, चिकट, साधे ग्रीस होते. खनिज तेलापासून बनलेल्या ग्रीसने हे रबर फुगते, म्हणूनच तेथे सिलिकॉनचे किंवा ब्रेकसाठीचेच ग्रीस लावायचे असते. आता माझ्या मागच्या बिलावरील एक ओळ वाचा: ‘ब्रेक क्लीनिंग व ग्रीसिंग’. ज्या कामाचे पैसे मी भरले, त्याच कामाने ब्रेक बिघडला होता. त्याच सेंटरने यावर सुचवलेला उपाय म्हणजे नवी कॅलिपर-जोडी, नव्या डिस्क आणि नवे पॅड, आणि अंदाजपत्रक पाच आकडी.

मिस्त्रींच्या हिशेबात फुगलेली नळी, दोन्ही कॅलिपरच्या मिळून चारही पिनांचे रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारी टोपणे) आणि योग्य ग्रीस मिळून पाचशे रुपयेही लागले नाहीत. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. ती वाचून व्हर्निअरने (बारीक जाडी मोजण्याच्या पट्टीने) मोजले, तर दोन्ही डिस्क मर्यादेच्या बऱ्याच वर होत्या, म्हणून त्या राहिल्या. पॅड मात्र दोन्ही चाकांचे बदलावे लागले. उजवे पॅड अजून चालले असते आणि ते टाकताना माझा जीव तुटला, पण एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने पॅड ठेवून ओढ घालवण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

येथवरचा मजकूर दुरुस्तीनंतर लगेच लिहिला होता आणि त्या वेळी गाडीच्या ब्रेकला मी पाचपैकी दोन गुण दिले होते. पावसाळा उलटल्यावर ते चार करतो आहे. ओढ गेली ती गेलीच, आणि घाटात पेडलही पूर्वीपेक्षा घट्ट लागते. याचे थोडे श्रेय ब्रेक ऑइलला द्यायला हवे, कारण मिस्त्रींनी ते त्याच वेळी पूर्ण बदलले होते. हे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. कोकणातील दमट हवेत, आणि त्यात घाट उतरणाऱ्या गाडीत, हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही.

पावसात दोन-तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी पहिल्या काही ब्रेकना किंचित ओढ दाखवली, तेव्हा मी पुन्हा घाबरलो होतो. पण ती डिस्कवर चढलेल्या गंजाच्या पातळ थराची होती आणि कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर निघून गेली. तरीही एक गुण राखून ठेवला आहे, कारण माझ्या सर्व्हिस पुस्तिकेत ब्रेकची ‘तपासणी’ आहे, पिना बाहेर काढण्याचा उल्लेख कोठेही नाही. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्याने दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्या काढून, पुसून, योग्य ग्रीस लावून घ्याव्यात आणि हे काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे.

दोन्ही अलाइनमेंटचे पैसे परत मिळावेत, असे पत्र मी सर्व्हिस सेंटरला लिहिले होते, सोबत फुगलेल्या नळीचे छायाचित्रही जोडले होते. पैसे परत मिळाले नाहीत; पुढच्या सर्व्हिसच्या मजुरीत सवलत देण्याचे उत्तर आले. ती सवलत मी घेणार आहे, पण चाकांना हात लावायचा नाही असे जॉब कार्डवर (करायच्या कामांच्या नोंदपत्रावर) लिहून घेऊनच.