बंदूक दुरुस्तीच्या दुकानासाठी घेतलेला साडेचार फुटी लेथ आणि मोजमापाची साधने

सिंधुदुर्गात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या आणि काडतुसाच्या एकनळी बंदुका अजूनही बऱ्याच घरांत आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निवडणूक आटोपल्यावर परत मिळतात. त्या सुमारास माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गर्दी होते. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि माझ्याकडे तो आहे. कामे बहुतेक लहानच असतात: तुटलेली फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी खीळ), डोके गेलेला स्क्रू, झिजलेली बिजागरीची खीळ, गंजून बसलेले निपल (ठासणीच्या बंदुकीत टोपी बसते ती छोटी नळकांडी). एवढ्यासाठी दर वेळी कुडाळला टर्नरकडे खेपा घालण्यापेक्षा गेल्या वर्षी मी राजकोट बनावटीचा, कोन पुलीचा (पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा सरकवून वेग बदलणारा), साडेचार फुटी बेडचा (भाग ज्यावर सरकतात त्या पायाचा) वापरलेला लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचे यंत्र, ६५ हजारांना घेतला.

अमेरिकेतील बंदूक कारागीर लेथ निवडताना आधी स्पिंडलचा (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) बोर म्हणजे आतले भोक आणि हेडस्टॉकची (स्पिंडल बसवलेल्या भागाची) लांबी पाहतात, कारण त्यांना नवी नळी स्पिंडलमधून आरपार घालून दोन्ही टोकांना डायल (सुईने सूक्ष्म फरक दाखवणारे साधन) लावून मध्यावर आणायची असते. तो सल्ला वाचून मीही मोठ्या बोरच्या मशीनमागे दोन महिने घालवले. प्रत्यक्षात आमच्याकडे नवी नळी बसवायचा प्रसंग येत नाही, आणि नळी आखूड करण्यासाठी कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. आमच्या कामाला बोरपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: बेड झिजलेला नसणे आणि इंची आटे बिनचूक कापता येणे.

बेड पाहण्याची रीत सोपी आहे. कॅरेजची (हत्यार धरून बेडवर सरकणाऱ्या भागाची) गिब, म्हणजे ढिलेपणा काढणारी पट्टी, चकजवळ (काम धरणाऱ्या शिकंजाजवळ) हाताला हलकी घट्ट लागेल इतकी कसावी आणि मग कॅरेज दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे न्यावे. बेड चकजवळ झिजलेला असेल तर पुढे जाऊन ते अडकते. विक्रेता चहा मागवत असताना मी हे करून पाहिले, आणि पहिली दोन मशीन तिथेच बाद झाली. तिसरे पास झाले, परंतु घरी आणून २५ मिलिमीटरची सळई चकबाहेर १०० मिलिमीटर काढून टेलस्टॉकशिवाय हलका कट घेतला, तेव्हा दोन टोकांच्या व्यासात ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक निघाला. हेडस्टॉक वाकडा असावा असे वाटून मी हादरलो होतो. वास्तविक बेडलाच पीळ बसला होता. काँक्रीटवर पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून लेव्हल केल्यावर फरक १० मायक्रॉनवर आला. वापरलेल्या लेथला नावे ठेवण्याआधी हे जरूर करावे.

जुन्या इंग्रजी बंदुकांचे स्क्रू बहुतेक इंची आट्यांचे असतात; त्यातल्या व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. बीए (ब्रिटिश असोसिएशन) या बारीक आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, पण त्यांचे माप मिलिमीटरवर बेतलेले असते. माझ्या लेथचा लीड स्क्रू (आटे कापताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आट्यांचा असल्याने इंची काम सरळ होते. मेट्रिकसाठी १२७ दात्यांचा गिअर लागतो, तो मशीनसोबत नव्हता, म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातून कापून आणला. आट्यांची पिच (दोन आट्यांमधले अंतर) तपासायचे गेज ५५ आणि ६० अंशांचे वेगवेगळे घ्यावे. नवा स्क्रू जुन्या भोकात दोन फेरे जाऊन अडकला, तर दोष बहुधा आपण चुकीची पिच धरल्याचा असतो.

मोजमापाच्या साधनांत मात्र मी फसलो. नामांकित जपानी कंपनीचे नाव छापलेला डिजिटल व्हर्नियर ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळाला म्हणून घेतला. १० मिलिमीटरचा गेज ब्लॉक (बिनचूक मापाचा पोलादी ठोकळा) जबड्याच्या मुळाशी धरला तर १०.०० आणि टोकाशी १०.०६. विकणाऱ्याने परत घेतला नाही. त्यानंतर बिलासह साधा ०.०२ मिलिमीटरचा व्हर्नियर, ० ते २५ चा मायक्रोमीटर आणि पुण्याच्या बेकरचा ०.०१ चा डायल घेतला; या तिघांवर माझे जवळजवळ सगळे काम निभावते. कोकणच्या पावसाळ्यात बॅटरी लागत नाही ही साध्या व्हर्नियरची जमेची बाजू. गेज ब्लॉक तेलाचा हात देऊनच डब्यात ठेवावेत, नाहीतर श्रावणापर्यंत ठिपके धरतात.

नळी आणि फलक (बंदूक मिटल्यावर नळीचे मागचे तोंड जिथे टेकते तो सपाट भाग) यांच्यामधली फट पाहायला मात्र मी अजून दिव्याची काजळीच वापरतो: फलकाला काजळी धरून बंदूक मिटायची, उघडायची, आणि डाग कुठे उमटला ते पाहायचे. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) फट किती ते सांगतो, काजळी ती कुठे ते दाखवते.

लेथबद्दल तक्रार एकच आहे. सर्वांत कमी वेगही खांद्याला (जिथे जाडी एकदम वाढते त्या पायरीला) भिडणारे बारीक आटे कापायला जास्त आहे. म्हणून स्पिंडलच्या मागच्या टोकात बसणारा हँडल करून घेतला आहे. शेवटचे चार फेरे मी मोटर बंद करून हातानेच देतो.